किल्ली देण्याआधी आणि दिल्यानंतर

बारावीचा निकाल लागला की सातारा-सांगलीकडच्या घरांत दोन विषय एकदमच निघतात. पुढे काय शिकायचं आणि गाडी कधी शिकायची. कॉलेज कराडला किंवा विश्रामबागेत, घर आठ-दहा किलोमीटरवरच्या गावात, एसटीच्या वेळा आणि लेक्चरच्या वेळा जुळत नाहीत. शेतावर डबा पोचवायचा असतो, आजोबांना मिरजेला दवाखान्यात न्यायचं असतं. अशा घरात गाडी ही हौस नसते, गरज असते. मग काका किंवा मोठा चुलतभाऊ एखाद्या रविवारी पोराला मैदानावर नेतो, तासाभरात गाडी हलवायला शिकवतो आणि पुढचं रस्ता शिकवेल असं सगळे धरून चालतात.

रस्ता शिकवतो खरा, पण त्याची फी फार जबर असते. २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयातली, म्हणजे घराचा भार उचलणारी किंवा उचलायला निघालेली होती. ४४.५ टक्के मृत्यू दुचाकीस्वारांचे होते. म्हणून गाडी शिकवणं हे अर्ध्या रविवारी उरकायचं काम नाही.

या शिकवण्यात सगळ्यांत नाजूक गोष्ट असते ती मुलाचा आत्मविश्वास. घाबरलेलं पोर चौकात मध्येच थांबतं आणि मागच्याच्या हॉर्नने आणखी गोंधळतं. फाजील धीट पोर वळणावर ओव्हरटेक करतं. दोघांनाही मधल्या जागी आणायचं काम शिकवणाऱ्याचं आहे. आत्मविश्वास नुसत्या शाबासकीने येत नाही आणि ओरडून तर येतच नाही. एकेक गोष्ट स्वतःच्या हाताने जमली की तो येतो. कोणती गोष्ट आधी आणि कोणती नंतर, हे ठरवणं मात्र मोठ्यांच्या हातात असतं.

कायद्याची चौकट

गिअरची मोटारसायकल, नेहमीची ११०-१२५ सीसीची स्कूटर आणि मोटार या सगळ्यांसाठी वयाची अट एकच आहे: १८ वर्षं पूर्ण. १६ व्या वर्षी परवानगी आहे ती फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीची. ट्यूशनला जाताना अकरावीतली मुलं सर्रास चालवतात ती स्कूटर या सवलतीत बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. क्लासला दहा मिनिटं उशीर होतो म्हणून किल्ली हातात देणाऱ्या आईवडिलांनी हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं. आज दिलेली मोकळीक मुलाची पुढची सात-आठ वर्षं अडवू शकते.

१८ पूर्ण झाल्यावर लर्निंग लायसन्स काढायचं. साताऱ्याचं आरटीओ एमएच-११, सांगलीचं एमएच-१०, कराडचं एमएच-५०. लर्निंगची मुदत सहा महिन्यांची असते आणि ३० दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. या काळात गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा. तो अशा जागी बसलेला असावा, की वेळ आली तर गाडी थांबवू शकेल. म्हणजे मागच्या सीटवर मोबाईल बघत बसलेला मामा चालत नाही.

मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलसाठी नियम आहे: हलक्या वाहनाचं शिक्षण किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १० तास. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतो, त्यामुळे पहिले धडे तिथेच घेतलेले बरे. पण दहा तास म्हणजे किती? ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २१ वर्षांखालच्या शिकाऊ चालकाला सोबत अनुभवी माणूस घेऊन १२० तास गाडी चालवल्याची नोंदवही दाखवावी लागते, त्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. दहा आणि एकशे वीस यांतलं अंतर आपल्याकडे घरच्यांनीच भरून काढायचं आहे.

आत्मविश्वास येतो कुठून

अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये एक सिद्धांत मांडला. ‘हे मला जमेल’ ही खात्री माणसाला चार वाटांनी येते, असं त्याचं म्हणणं. स्वतः केलेलं काम, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहणं, विश्वासातल्या माणसाचे शब्द आणि त्या वेळची शरीराची-मनाची अवस्था. यांत सगळ्यांत पक्की वाट पहिली. ‘तू करशील गं’ असं दहादा म्हणण्यापेक्षा एकदा चढावर गाडी मागे न सरकता निघाली, तर त्याचं मोल जास्त. चौथ्या वाटेचा अनुभव तर शिकवणाऱ्या प्रत्येकाला असतो. तळहात घामेजलेले, खांदे आवळलेले अशा स्थितीत पोराला काहीही सांगितलं तरी डोक्यात शिरत नाही. आधी गाडी बाजूला घ्यायची, दोन घोट पाणी, मग पुढचं.

सरावाचा फायदा स्वीडनने मोजून दाखवला. १९९३ मध्ये त्यांनी सोबत मोठं माणूस घेऊन सराव करण्याचं वय साडेसतरावरून सोळावर आणलं. लायसन्सचं वय अठराच ठेवलं. ज्यांनी हा जास्तीचा काळ खरोखर सरावाला वापरला, त्यांचे लायसन्स मिळाल्यानंतरचे अपघात लक्षणीय कमी झाले.

पण उलट बाजूही त्याच भागातून आली. नॉर्वेत नव्या चालकांना घसरत्या रस्त्यावर गाडी सांभाळण्याचं खास शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा तरुण मुलांचे अपघात कमी होण्याऐवजी वाढल्याचं दिसलं. गाडी घसरली तरी मी सावरतो, ही खात्री त्यांना जपून जाण्यापासून दूर घेऊन गेली. म्हणून कसरती शिकवून आलेला विश्वास आणि धोका ओळखता येऊ लागल्याने आलेला विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला दुसरा हवा आहे. त्यात वयाचाही भाग आहे. आवेग आवरणारा, परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पुरता पक्व व्हायला विशी अर्धी सरावी लागते. अठराव्या वर्षी हातपाय चपळ असतात, अंदाज अजून कच्चा असतो.

अठराच्या आधी काय शिकवायचं

गाडीला हात न लावता बरंच शिकवता येतं, आणि त्याला कायद्याची आडकाठी नाही. चौदा-पंधराच्या मुलाला पुढे शेजारी बसवा आणि बोलत गाडी चालवा. ‘समोर एसटी थांबलीय, तिच्या पुढून कुणीतरी रस्ता ओलांडणार, म्हणून मी पाय ब्रेकवर ठेवला.’ ‘तो दुचाकीवाला मान वळवून बघतोय, म्हणजे तो वळणार.’ काही दिवसांनी उलटं करा. ‘आता पुढे काय होईल, तू सांग.’ मूल आधी चुकतं, मग तुमच्याआधी सांगायला लागतं. ज्या दिवशी ते म्हणतं, ‘पप्पा, गल्लीच्या तोंडाशी कुत्रं आहे,’ आणि तुम्ही ते पाहिलेलं नसतं, त्या दिवशी त्याला मोकळेपणाने सांगा की तू माझ्याआधी पाहिलंस. अशी शाबासकी कमावलेली असते, म्हणून ती आत उतरते.

दुसरी शाळा सायकलची. तोल, ब्रेकचा अंदाज, मागे नजर टाकून वळणं, हात दाखवणं, खड्डा लांबून ओळखणं, हे सगळं सायकल शिकवते. सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवातही सायकलींनीच झाली होती. १८८८ च्या सुमारास बेळगावात सायकल हे नवलच होतं. ते आणि त्यांचे भाऊ रामूअण्णा सायकली विकत आणि त्या चालवायलाही शिकवत. यंत्र विकायचं आणि ते चालवणारा माणूसही तयार करायचा, अशी ती रीत होती. आज शोरूममधून गाडी हार घालून, पेढे वाटून घरी येते. ती चालवायला शिकवणं त्याच तोलामोलाचं काम आहे, हे घराघरांत पुन्हा मानलं जायला हवं.

मैदानावरचे दिवस

पहिला दिवस गाडी बंदच असू द्यावी. सीट पुढेमागे करून क्लच पूर्ण दाबला जातो का ते पाहायचं, तिन्ही आरसे लावून घ्यायचे, डोळे समोर ठेवून गिअर टाकायचा सराव करायचा. मग फक्त क्लच. सपाट जागा, पहिला गिअर, ॲक्सिलेटरवरून पाय बाजूला. क्लच इतका हळू सोडायचा की इंजिनाचा आवाज जड होतो, स्टेअरिंगला बारीक थरथर येते आणि बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. तिथेच पाय धरून ठेवायचा. गाडी मुंगीच्या पावलांनी आपोआप पुढे सरते. हा हाफ क्लच पायाला कळला, की पुढची निम्मी भीती जाते. कारण नवशिक्याची खरी भीती वेगाची नसते, गाडी आपलं ऐकणार नाही याची असते.

गाडी हिसका देऊन बंद पडणार, ते धरूनच चालायचं. त्या क्षणी शेजारचा माणूस काय बोलतो यावर सगळं ठरतं.

‘बंद पडली, पप्पा.’

‘पडू दे की. घाई कुणाला हाय? क्लच दाब, न्यूट्रल बघ, परत चालू कर.’

एवढंच. ‘किती वेळा सांगितलं’ नाही, ‘इंजिन खराब होईल’ नाही, कपाळावर हात नाही. गाडी बंद पडल्यावर काय करायचं हे ज्याला शांतपणे येतं, त्याचा पोवई नाक्यावर मागून हॉर्न वाजले तरी गोंधळ उडत नाही. चूक होऊ न देण्यापेक्षा चूक सावरायला शिकवणं, ही आत्मविश्वासाची खरी बैठक आहे.

सूचना वेळेवर द्यावी. ‘डावीकडे घे!’ असं वळणावर ओरडण्याऐवजी शंभर पावलं आधी सांगावं, ‘पुढच्या चौकात डावीकडे जायचंय. आरसा, इंडिकेटर, मग वेग कमी.’ एका वेळी एकच नवी गोष्ट. वीस-पंचवीस मिनिटं झाली की थांबावं, आणि जमलेल्या गोष्टीवर थांबावं. शेवटी विचारावं, ‘आज काय जमलं? कुठं भीती वाटली?’ आधी त्याला बोलू द्यावं. आपल्या आठ सूचनांपेक्षा त्याने स्वतः ओळखलेली एक चूक जास्त टिकते.

घरातलं कुणी शिकवायचं हेही नीट ठरवावं. ज्याचा आवाज पटकन चढतो त्याने शेजारी बसू नये, मग तो कितीही चांगला ड्रायव्हर असो. आत्या, मावशी, आई यांच्यातलं कुणी चालवत असेल तर मुलींसाठी तो मोठा आधार असतो. आपल्यासारखं माणूस करताना दिसणं, ही बंडुराने सांगितलेली दुसरी वाट. पुष्कळ घरांत मुलाला मोटार शिकवतात आणि मुलीला स्कूटरवर थांबवतात. आता एसटीतही महिला चालक आहेत. रात्री-अपरात्री घरातलं कुणी आजारी पडलं तर दवाखान्यापर्यंत गाडी नेता येणं, ही मुलीच्याही हक्काची गोष्ट आहे.

आपले रस्ते, क्रमाने

मैदान झालं की रस्ता. इथे दोन्ही जिल्ह्यांचे धडे वेगळे पडतात. सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलंय, त्यामुळे तिथल्या मुलाला चढावर गाडी उठवणं पहिल्या आठवड्यातच शिकावं लागतं. हँडब्रेक ओढलेला, हाफ क्लचला इंजिनाचा आवाज बदलला, थोडी रेस, मग हँडब्रेक खाली. कृष्णाकाठची सांगली सपाट. तिथल्या मुलाला महिनोन् महिने चढ भेटतच नाही आणि एकदम घाटात तारांबळ उडते. त्याला मुद्दाम एखादा उड्डाणपुलाचा चढ शोधून हे शिकवावं. साताऱ्याच्या मुलाने सांगली-मिरज रस्त्यासारख्या वाहत्या, सपाट रस्त्यावर वेग एकसारखा ठेवून अंतर राखायला शिकावं.

सकाळी सहाचा कॉलनीतला रस्ता, मग दुपारचा कमी गर्दीचा, मग बाजारपेठ. आठवडी बाजाराच्या दिवशी लगेच नेऊ नये. प्रत्येक पायरी दोन-तीनदा सहज जमली की पुढची.

ऊसहंगाम हा आपल्या भागाचा स्वतंत्र धडा आहे. दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू होतात आणि पुढचे चार-पाच महिने रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या असतात. मुलाला शिकवायचं ते हे. ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना एक नव्हे, तिन्ही वाहनांची लांबी मोजायची. ट्रॉलीवर बाहेर आलेला ऊस धरून रुंदी मोजायची. मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर असेलच असं धरायचं नाही. समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपले तर वेग कमी करून डावीकडच्या कडेवर नजर ठेवायची. पावसाळ्यात शेतातून निघालेल्या चाकांची काळी माती रस्त्यावर पडते, तिथे दुचाकीवर जोरात ब्रेक दाबायचा नाही. लर्निंगच्या काळात अंधारातला पहिला सराव शेजारी मोठं माणूस असतानाच व्हावा. पहिली रात्र एकट्याने नको.

मग महामार्ग. शिरवळपासून कराड, पेठ नाक्यावरून पुढे जाणारा पुणे-बेंगळुरू महामार्ग, क्रमांक ४८, दोन्ही जिल्ह्यांतून जातो. आधी सर्व्हिस रोड, मग महामार्गावर शिरणं आणि पुढच्या फाट्याला बाहेर पडणं, एवढाच सराव करावा. इथे थोडं गणित मुलासमोर मांडावं. ताशी ४० ला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला एकूण साधारण २० मीटर लागतात. ६० ला सुमारे ३८ मीटर, ८० ला ६० मीटर. वेग दुप्पट, अंतर तिप्पट. मैदानावर हे अंतर पावलांनी मोजून दाखवलं, तर दहा भाषणांचं काम होतं.

घाट सगळ्यांत शेवटी. पसरणी, यवतेश्वर, कुंभार्ली हे घाट गाडी पूर्ण हातात आल्यावरच. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं. उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणं हा घातक शहाणपणा आहे. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि पकड सोडतात. वळणावर आपली बाजू सोडायची नाही, आणि मागून कितीही हॉर्न वाजले तरी आपला वेग आपणच ठरवायचा. महाबळेश्वरच्या धुक्यात गाडी बाजूला घेऊन थांबता येणं, हाही आत्मविश्वासच.

नाही म्हणता येणं

लायसन्स मिळालं की सोबतीला मित्र येतात आणि तिथून धोका वाढतो. गाडीत समवयस्क जितके जास्त, तितका तरुण चालकाचा अपघाताचा धोका जास्त, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. म्हणूनच न्यूझीलंडने १९८७ पासून नव्या चालकाला टप्प्याटप्प्याने मोकळीक द्यायला सुरुवात केली. सुरुवातीला रात्री एकट्याने जायचं नाही आणि सोबत्यांवरही मर्यादा. आपल्याकडे असा कायदा नाही, पण घरात तो करता येतो. पहिले सहा महिने रात्री दहानंतर गाडी नाही, एका वेळी एकच मित्र, ट्रिपल सीट कधीच नाही, गावातल्या गावात जायचं असलं तरी हेल्मेट, आणि गाडी चालवताना घरच्यांचाही फोन उचलायचा नाही. हे नियम मुलाला बसवून, त्याचं ऐकून घेऊन ठरवावेत आणि घरातल्या मोठ्यांनीही पाळावेत. बाप हेल्मेट हँडलला अडकवून जात असेल, तर पोराला सांगायचा अधिकार त्याला उरत नाही.

‘चल की, काय भितोस’ याला ‘मी नाही चालवत आत्ता’ असं उत्तर देता येणं ही सगळ्यांत अवघड पायरी आहे, आणि तिची तयारी घरातच होते. उशीर झाला, झोप येतेय, गाडी देणारा मित्र प्यायलाय, अशा वेळी घरी फोन केला तर आधी न्यायला कुणीतरी येईल आणि रागावणं दुसऱ्या दिवशी होईल, एवढा शब्द आईवडिलांनी द्यावा आणि पाळावा.

यंदा ज्यांच्या घरी कुणी अठरा पूर्ण करणार आहे, त्यांना विनंती एवढीच: गाडीच्या रंगाची चर्चा करण्याआधी शिकवण्याचे दिवस ठरवा. शेजारी कोण बसणार, कोणत्या रस्त्यापासून सुरुवात करायची, पहिले सहा महिने कोणते नियम पाळायचे, हे कागदावर लिहून काढा. आणि शेजारच्या सीटवर बसाल तेव्हा आवाज खाली ठेवा.